न येणारा एक प्रश्न

ऑक्टोबर २०००. ‘कौन बनेगा करोडपती’ (‘केबीसी’) सुरू होऊन जेमतेम साडेतीन महिने झाले होते. मुंबईचे २७ वर्षांचे हर्षवर्धन नवाथे अमिताभ बच्चन यांच्यासमोर बसले होते आणि पंधरावा प्रश्न पडद्यावर उमटला : यांपैकी कोणाला संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा राज्यघटना देते? सॉलिसिटर जनरल, ॲटर्नी जनरल, कॅबिनेट सचिव आणि सरन्यायाधीश असे चार पर्याय होते. नवाथेंनी ॲटर्नी जनरल म्हटलं आणि देशाला पहिला करोडपती मिळाला.

आज तोच प्रश्न पुण्यात सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत टाकला, तर मान वर न करता चारजण उत्तर देतील. वर ‘कलम ८८’ असंही सांगतील आणि पाचवा बजावेल की, बोलता येतं, मत देता येत नाही, यावरही प्रश्न येऊन गेलाय. नवाथे स्वतः त्याच पठडीतले. ते तेव्हा नागरी सेवा परीक्षेची तयारी करत होते. जे पान पूर्वपरीक्षेला एखाद-दुसरा गुण देऊन गेलं असतं, त्यानेच त्यांना एक कोटी रुपये दिले. पुढे ते सनदी अधिकारी झाले नाहीत. परदेशात व्यवस्थापन शिकले आणि कॉर्पोरेट क्षेत्रात गेले.

गेली पंचवीस वर्षं हा कार्यक्रम आणि स्पर्धा परीक्षांचं जग एकमेकांना चिकटून आहेत. प्रश्न त्याच साच्यातले, पर्याय चारच आणि तयारीची पुस्तकंही बहुतेक तीच. २०१९ मध्ये हंगामाचा पहिला कोटी जिंकणारा जहानाबादचा तरुण यूपीएससीचाच अभ्यास करत होता. वर्षानुवर्षं साठवलेलं सामान्यज्ञान एकदाचं कामी येईल अशी ही जागा आहे, असं अभ्यासिकेतल्या कित्येकांना वाटतं. त्यांचं फारसं चुकत नाही. फक्त परीक्षेने अंगी बाणवलेली एक सवय इथे घात करते, ती म्हणजे न येणारा प्रश्न सोडून पुढे जाण्याची.

परीक्षेत शंभर प्रश्न असतात. चाळीस आले नाहीत तरी कटऑफ ओलांडता येतो. यूपीएससी चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापते, एमपीएससी पाव. म्हणून हुशार उमेदवार नको त्या प्रश्नाला हात लावत नाही. अर्थशास्त्र कच्चं असेल तर भूगोलावर भरून काढतो. हॉट सीटवर ही सोयच नाही. तिथे न येणारा एक प्रश्न म्हणजे खेळ संपला. मग पुढचे चौदा तुम्हाला तोंडपाठ असोत.

गणित करून पाहू. समजा, एखाद्याला जगातल्या दर दहा प्रश्नांपैकी नऊ येतात. असा माणूस गावात ‘चालता-बोलता ज्ञानकोश’ म्हणून ओळखला जाईल. पण सलग पंधरा प्रश्न न चुकता देण्याची त्याची शक्यता निघते अवघी २१ टक्के. शंभरातले पंच्याण्णव प्रश्न येत असले तरी शक्यता ४६ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमीच. हे गणितसुद्धा उदार आहे, कारण त्यात सगळे प्रश्न सारख्याच अवघडपणाचे धरलेत आणि प्रत्यक्षात शेवटचे पाच पहिल्या पाचांशी नातंही सांगत नाहीत. एका विषयातला पंडित इथे लवकर घरी जातो. ज्याने शेतीच्या पानापासून सिनेमाच्या पुरवणीपर्यंत पेपर चाळलाय आणि कशातही फार खोल गेलेला नाही, तो टिकतो. विद्यापीठात अशा माणसाला कोणी विचारत नाही.

लाइफलाइन, म्हणजे अडल्यावर मिळणारी मदत, हे या कार्यक्रमाचं खरं यंत्र आहे ते इथे. प्रेक्षकांना ती नाट्य वाढवायची युक्ती वाटते. पण आपल्या त्याच दहात नऊवाल्या माणसाला तीन लाइफलाइन दिल्या आणि तिन्ही नीट लागू पडल्या असं धरलं, तर पंधरा प्रश्न पार करण्याची शक्यता २१ वरून थेट ९४ टक्क्यांवर जाते. पंधरांत चारपेक्षा कमी खड्डे असले की झालं. म्हणजे खेळाचा निकाल तुम्हाला किती येतं यापेक्षा लाइफलाइन कुठे खर्च केली यावर ठरतो. पाचव्या-सहाव्या प्रश्नावर ‘जरा खात्री करून घेतो’ म्हणत एक लाइफलाइन घालवणारे स्पर्धक आपण शेकड्यांनी पाहिलेत. घरातल्या सोफ्यावर बसून आपण त्यांच्यावर ओरडलोयही.

त्यांतला फोनवरचा मित्र चांगला की प्रेक्षकांची मदत? अमेरिकी लेखक जेम्स सुरोविकी यांनी २००४ च्या ‘द विस्डम ऑफ क्राउड्स’ या पुस्तकात तिथल्या याच साच्याच्या कार्यक्रमाचे आकडे दिलेत. फोनवरचा जाणकार मित्र ६५ टक्के वेळा बरोबर ठरला. दुपारी वेळ होता म्हणून स्टुडिओत येऊन बसलेला जमाव मात्र ९१ टक्के वेळा. यात चमत्कार नाही. शंभरांतल्या दहाच जणांना उत्तर माहीत आहे आणि उरलेले नव्वद आंधळेपणाने बटण दाबताहेत असं समजा. ते नव्वद चार पर्यायांत सारखे विखुरतात, प्रत्येकाच्या वाट्याला बावीस-तेवीस येतात. बरोबर पर्यायाला ते दहा वरून मिळतात आणि तो उठून दिसतो. पद्धत फसते ती सगळ्यांना एकच चुकीची गोष्ट पक्की माहीत असते तेव्हा. शाळेत शिकलेली एखादी दंतकथा प्रश्नात आली की जमाव एकदिलाने खड्ड्यात नेतो. म्हणून मुरलेले स्पर्धक प्रेक्षकांची मदत सिनेमा, खेळ, रोजचं जगणं यांसाठी राखतात आणि मध्ययुगीन इतिहासात त्यांच्या वाटेला जात नाहीत.

फोनच्या मित्राचं दुखणं वेगळं. तीस सेकंद मिळतात. त्यातली दहा प्रश्न वाचण्यात, पाच ‘पर्याय परत सांग’ यात जातात. शिवाय आपल्याकडे यादीत क्रिकेटवाला हवा, सिनेमावाला हवा, विज्ञानवाला हवा आणि दुखावू नये म्हणून मोठे भावोजीही हवेत. या सोयीचा सगळ्यात देखणा वापर केला तो अमेरिकेच्या जॉन कार्पेंटर यांनी. नोव्हेंबर १९९९ मध्ये दहा लाख डॉलरच्या शेवटच्या प्रश्नावर त्यांनी वडिलांना फोन लावला आणि सांगितलं की मदत नकोय, मी जिंकणार आहे एवढं कळवायचं होतं. उत्तर निक्सन होतं आणि ते त्यांना आधीच ठाऊक होतं.

खुर्चीपर्यंत पोहोचणं ही निराळी परीक्षा. नोंदणीच्या दिवसांत रोज रात्री एक प्रश्न येतो, अगदी सोपा. बरोबर उत्तरं पाठवणाऱ्यांतून संगणक सोडतीने नावं काढतो. मग फोनवर आणखी प्रश्न, मग ऑडिशन, तिथे लेखी चाचणी आणि कॅमेऱ्यासमोर मुलाखत. इथे गाडी ज्ञानावरून गोष्टीवर वळते. तुम्ही कोण, घरी कोण, पैसे मिळाले तर काय कराल, आयुष्यातला कठीण प्रसंग कोणता? निवडकर्त्यांना हुशार माणूस हवा असतोच. पण कर्ज काढून मुलीला शिकवणारा हुशार माणूस सापडला तर अधिक बरं. मी याला फसवणूक म्हणणार नाही. रात्री नऊचा कार्यक्रम चालवायचा तर प्रेक्षकाला खुर्चीतल्या माणसात स्वतःला पाहता आलं पाहिजे. तरीही खेळ सुरू होण्याआधी दाखवली जाणारी ती गावाची फिल्म, ते संथ व्हायोलिन, ओट्याशी उभी आई हे दर हंगामात थोडं थोडं लांबत गेलंय.

यातून पार पडून गोरेगावच्या चित्रनगरीत किंवा असेल त्या स्टुडिओत पोहोचल्यावर ‘फास्टेस्ट फिंगर फर्स्ट’. चार गोष्टी क्रमाने लावायच्या. इथे ज्ञानाला बोटांची साथ लागते. बरोबर क्रम दहापैकी आठ जणांना येत असला तरी खुर्ची एकालाच, आणि फरक सेकंदाच्या अंशांचा. उरलेले टाळ्या वाजवतात. त्यांच्या घरी, शेजारी, ऑफिसात सगळ्यांना सांगून झालेलं असतं.

प्रश्नमंजूषा हा आपल्याकडे मुळात इंग्रजी शाळांचा आणि क्लबांचा छंद होता. नील ओब्रायन यांनी १९६७ मध्ये कोलकात्यात खुली प्रश्नमंजूषा सुरू केली. रेडिओवर बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट होतं. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं ‘क्विझ टाइम’ आलं. त्यात कॉलेजांचे संघ असत, प्रश्न इंग्रजीत असत आणि पर्याय नसत. उत्तर डोक्यातून काढून द्यायचं. आपल्या घरांत तो कार्यक्रम आदराने पाहिला जाई, पण स्वतः त्यात बसण्याचं स्वप्न कोणी पाहत नसे. त्याच बसूंनी २००० मध्ये ‘केबीसी’ बनवला आणि भाषा हिंदी झाली. त्याहून मोठा बदल चार पर्यायांचा. उत्तर आठवणं आणि समोर आलेलं उत्तर ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत. कधीकाळी वाण्याच्या पुडीवर वाचलेलं नाव आठवत नाही, पण समोर दिसलं की ओळखू येतं. पर्यायांनी हा खेळ सगळ्यांसाठी उघडला.

पण पर्याय फसवतातही. चारही नावं ओळखीची वाटायला लागतात. त्यात समोरचा भारदस्त आवाज विचारतो, पक्कं? लॉक करायचं? प्रश्न सभ्यपणाचा आहे, परिणाम मात्र घरफोडीचा. दहा सेकंदांपूर्वी ठाम असलेला माणूस ‘थांबा हं’ म्हणतो. पुढे २०१० मध्ये कार्यक्रम सोनीवर गेला तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नांना घड्याळही लागलं, आणि सोप्या प्रश्नावर अडखळणाऱ्यांची सोय आणखी कमी झाली.

मराठीत हा खेळ २०१३ मध्ये आला. ई टीव्ही मराठीवर ‘कोण होईल मराठी करोडपती’, सूत्रसंचालक सचिन खेडेकर. २०१९ मध्ये सोनी मराठीवर ‘कोण होणार करोडपती’ आलं तेव्हा खुर्चीसमोर नागराज मंजुळे होते, नंतर पुन्हा खेडेकर. हिंदी कार्यक्रमात मराठी माणूस बहुतेकदा थोडा अवघडून बसतो, वाक्य जुळवत बोलतो. इथे तो सैल झाला. संतसाहित्य, नाट्यसंगीत, तालुक्यांची ठिकाणं, घाटांची नावं असे प्रश्न येऊ लागले. राष्ट्रीय वाहिनीला जे कधी विचारावंसं वाटलं नसतं, ते माहीत असणाऱ्यांचे दिवस आले. मला हा मराठी अवतार मूळ हिंदीपेक्षा जास्त आवडत आलाय, तो झगमगाट कमी असूनही, किंवा कमी असल्यामुळेच.

तरी महाराष्ट्राला सगळ्यात लख्ख आठवतात त्या हिंदी कार्यक्रमातल्या बबिता ताडे. सप्टेंबर २०१९. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी इथे शाळेत मुलांची खिचडी शिजवणाऱ्या ताडेबाईंनी एक कोटी जिंकले. कोटीचा प्रश्न १८५७ वरच्या ‘दास्तान-ए-गदर’चा होता, ते लिहिणारा बहादूरशाह जफरच्या दरबारातला कवी कोण? जहीर देहलवी. विद्यापीठातल्या इतिहासाच्या किती प्राध्यापकांना हे नाव चटकन सुचलं असतं, हे मी विचारत नाही. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत मात्र जहीर देहलवी नव्हते, खिचडी होती. महिना १,५०० रुपये मानधनावर काम करणारी बाई कोट्यधीश, एवढीच बातमी सगळीकडे फिरली. त्यांच्या वाचनाबद्दल, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशी त्यांच्या ओळखीबद्दल फार थोडं छापून आलं. आणि शेकडो मुलांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला १,५०० रुपयेच का, हा प्रश्न पडद्यावर चार पर्यायांसकट कधी आला नाही.

असा कोणी जिंकला की दर घरात एकजण म्हणतोच, ‘सगळं आधी ठरलेलं असतं हो.’ त्या शंकेला इतिहासात आधार आहे. १९५६ च्या डिसेंबरात अमेरिकेत ‘ट्वेंटी-वन’ या कार्यक्रमात हर्बर्ट स्टेंपेल याला मुद्दाम चुकायला लावलं. उत्कृष्ट चित्रपटाचं उत्तर ‘मार्टी’ होतं, त्याला ते येत होतं, तरी ‘ऑन द वॉटरफ्रंट’ म्हणायला सांगितलं, कारण त्याच्या जागी कोलंबिया विद्यापीठातला देखणा चार्ल्स व्हॅन डोरेन निर्मात्यांना हवा होता. व्हॅन डोरेनने १९५९ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे कबुली दिली आणि त्यानंतर तिथे असे खेळ ठरवून खेळवणं हा कायद्याने गुन्हा झाला. उलट दिशेची लबाडीही झाली. ‘केबीसी’ ज्यावरून आला त्या ब्रिटनच्या ‘हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर?’मध्ये २००१ साली मेजर चार्ल्स इंग्राम यांनी दहा लाख पौंड जिंकले. पण बरोबर पर्याय उच्चारला की प्रेक्षकांत कोणीतरी खोकत होतं. २००३ मध्ये न्यायालयाने त्यांना, पत्नीला आणि खोकणाऱ्याला दोषी ठरवलं. रक्कम कधीच दिली गेली नाही. कोट्यवधींचा खेळ चालवणाऱ्यांनी यातून घेतलेला धडा साधा आहे : आज स्पर्धकाला फोनपासून तोडतात, सोबत्याला वेगळं बसवतात, प्रश्नांचा संच यंत्रातून निघतो. निवडीत गोष्ट पाहतात हे खरं. पण गोष्ट निवडणं आणि उत्तर पुरवणं यांत फरक आहे, आणि तो न करणाऱ्यांशी वाद घालून उपयोग होत नाही.

पैशांचं थोडक्यात. जाहीर होतो तो कोटी हाती येत नाही. बक्षिसाच्या उत्पन्नावर सरसकट ३० टक्के कर लागतो, किमान उत्पन्नाची सूट नाही, वर अधिभार आणि ४ टक्के उपकर. हातात चौसष्ट-पासष्ट लाखांच्या आसपास पडतात. गावात मात्र सगळ्यांना कोटीच ऐकू आलेला असतो. २०११ मध्ये पाच कोटी जिंकलेल्या मोतिहारीच्या सुशील कुमार यांनी २०२० मध्ये स्वतःच लिहून सांगितलं की जिंकल्यानंतरचा काळ हा आयुष्यातला सगळ्यात वाईट होता. मनरेगामध्ये महिना ६,००० रुपयांवर काम करणारा संगणकचालक एका रात्रीत दानशूर व्हावा अशी अपेक्षा झाली. मागणारे आले, फसवणारे आले, धंदे बुडाले, व्यसन लागलं. त्यातून ते बाहेर पडले, झाडं लावू लागले, पुढे शिक्षक झाले. १८६८ मध्ये निकोबार बेटांवरचे हक्क इंग्रजांना विकून डेन्मार्क इथून गेला, हे त्यांचं पाच कोटींचं उत्तर. ते ज्याला येतं त्याला पैसे सांभाळताही येतील असं कोणी गृहीत का धरावं?

उरतो तो सोडण्याचा क्षण. माझ्या मते या खेळाचा गाभा तोच आहे. २०१९ चा हंगाम घ्या. पन्नास लाखांवर असताना कोटीचा प्रश्न येई. चुकलं तर ३ लाख २० हजारांवर घसरण. कागदावर मांडलं तर ४८ टक्क्यांहून जास्त खात्री असेल तर खेळावं, नाहीतर पन्नास घेऊन उठावं. इथवर सगळे शहाणे असतात. त्यापुढे गंमत होते. कोटी जिंकल्यावर सात कोटींचा प्रश्न आला की तेच गणित उलटं बोलतं. आता १४ टक्के खात्री पुरते. डोळे मिटून एका पर्यायावर बोट ठेवलं तरी संधी २५ टक्के असते आणि सरासरीने त्या बोटाची किंमत पावणेदोन कोटींच्या वर भरते. म्हणजे गणितज्ञाच्या लेखी कोणीही सोडूच नये. प्रत्यक्षात बहुतेक सगळे सोडतात. ताडेबाईंनी सोडलं. जहानाबादच्या त्या तरुणानेही सोडलं. ब्रॅडमनने कारकिर्दीतलं शंभरावं शतक कोणत्या भारतीय गोलंदाजाच्या चेंडूवर धाव काढून पुरं केलं, हे त्याला सांगता येत नव्हतं. गोगुमल किशनचंद हे ते नाव. सरासरी ही हजार वेळा खेळणाऱ्याची असते. खुर्चीत बसणारा एकदाच बसतो आणि ९६ लाख ८० हजार गमावून घरी जाऊन सरासरी सांगता येत नाही.

२०२२ मध्ये हा हिशेबही बदलला. स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीनिमित्त बक्षीस साडेसात कोटी झालं आणि ७५ लाखांवर नवा पडाव आला. तेव्हा कोटी जिंकलेल्याने शेवटच्या प्रश्नावर चूक केली तरी ७५ लाख पक्के होते. गमावायचे फक्त २५ लाख, मिळायचे साडेसहा कोटी. त्या हंगामात कोल्हापूरच्या कविता चावला खुर्चीत बसल्या. बारावीपर्यंत शिकलेल्या, गृहिणी, २००० सालापासून या कार्यक्रमासाठी प्रयत्न करणाऱ्या. आदल्याच वर्षी त्या फास्टेस्ट फिंगरपर्यंत पोहोचून मागे राहिल्या होत्या. या वेळी त्यांनी कोटी जिंकले आणि हंगामातल्या पहिल्या करोडपती ठरल्या. मग साडेसात कोटींचा प्रश्न आला : प्रथम श्रेणी पदार्पणातच द्विशतक ठोकणारे पहिले भारतीय ठरताना गुंडप्पा विश्वनाथ कोणत्या संघाविरुद्ध खेळत होते? उत्तर आंध्र, म्हैसूरकडून २३० धावा. चावलांना ते येत नव्हतं आणि त्यांनी खेळ सोडला. त्याच हंगामात दिल्लीचा एक स्पर्धक त्याच उंचीवर पोहोचला. भारतात आलेली पहिली ब्रिटिश पलटण कोणती, हा त्याचा प्रश्न. त्याने धोका पत्करला, उत्तर चुकलं, बरोबर होती ३९ वी पायदळ पलटण. गणिताप्रमाणे वागला तो तोच. तो ७५ लाख घेऊन गेला, चावला एक कोटी.